विचारा बिनधास्त : नखं बिघडलीत, काय करू?

प्रश्न : मॅडम, माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं फार विचित्र झालीयत. मधोमध खोलगट पन्हळ आणि त्यात आडव्या आडव्या रेघा, अगदी शिडीसारख्या. बाकी आठही नखं छान आहेत. फंगस असेल म्हणून मेडिकलमधून क्रीम आणून कितीतरी महिने लावतेय, काडीचा फरक नाही. आता गोळ्या सुरू करू का?

उत्तर : गोळ्या आत्ता नकोच, आणि ते क्रीमही बंद करा. आधी एक सांगा, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना किंवा कसल्यातरी विचारात असताना तुमचं शेजारचं बोट अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जाऊन तिथली कातडी मागे ढकलत बसतं का? तुम्ही नाही म्हणाल, बहुतेक सगळे आधी नाहीच म्हणतात, पण घरातल्यांना विचारून बघा, ते एका सेकंदात सांगतील.

नख तयार होतं ते बुडाशी, कातडीखाली दडलेल्या मुळात. नखावर पांढरी चंद्रकोर दिसते ना, ती त्या मुळाची पुढची कड. तिथे दाब पडला की त्या वेळात तयार झालेलं नख दबकं निघतं, दोन दिवस चाळा थांबला की जरा बरं निघतं, परत चाळा की परत खड्डा, आणि नख पुढे सरकत जातं तशा या रेघा एकामागे एक लागत जातात. तुमची चंद्रकोर नेहमीपेक्षा मोठी दिसत असेल आणि तिच्या मागची पातळ कातडी, म्हणजे क्युटिकल, जवळपास गायब असेल तर माझी जवळजवळ खात्रीच. फंगस अशी दोन्ही अंगठ्यांचा नेमका मध्य गाठून बसत नाही हो, ती बहुतेक वेळा टोकाकडून नाहीतर कडेने शिरते, नख जाड पिवळट होतं, खाली भुसा साठतो. बिघडलेलं नख दिसलं की लोक फंगस म्हणूनच मोकळे होतात, पण तपासलं तर साधारण निम्म्याच नखांत ती सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, मार असतो, असे चाळे असतात. म्हणून फंगसच्या गोळ्या घ्यायच्या आधी नखाचा तुकडा लॅबला देऊन खात्री करायची. त्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात, क्वचित लिव्हरला त्रास देतात, उगाच कशाला.

उपाय म्हणाल तर एकच, मुळाला हात लागू द्यायचा नाही. दोन्ही अंगठ्यांच्या नखाच्या बुडाशी कागदी मेडिकल टेप लावून ठेवा, ओली झाली की बदला, म्हणजे बोट सवयीने गेलं तरी टेपवर अडतं आणि तुमच्या लक्षात येतं. रात्री टेप काढून व्हॅसलीन. आणि रेघा फाईलने घासून सपाट करायला जाऊ नका, नख पातळ होऊन चिरतं. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे बुडापासून टोकापर्यंत सगळं नवं यायला ६ महिने धरा. पण दीड-दोन महिन्यांत बुडाशी गुळगुळीत पट्टी दिसायला लागली की समजायचं गाडी रुळावर आली. टेप लावूनही हात थांबतच नसेल तर काउन्सेलरची मदत घ्या, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझं बोट दारात चेमटलं, नख काळं पडून गळून गेलं. नवं आलं ते मधोमध उभं चिरलेलंच येतंय, सारखं कपड्यात अडकतं. कुठलं तेल लावू?

उत्तर : तेलाने नाही होणार, स्पष्टच सांगते. मुळालाच जखम होऊन तिथे व्रण राहिलाय, त्या जागी नख तयारच होत नाही म्हणून चीर. माराच्या नंतरचं पहिलं नख वेडंवाकडं येतंच, त्यासाठी वर्षभर वाट बघायची असते, पण तुमची दोन वर्षं झाली म्हणजे आता आपोआप भरून येणं अवघड. हाताची ऑपरेशन्स करणाऱ्या सर्जनला दाखवा, व्रण काढून मूळ शिवता येतं, मात्र नख पहिल्यासारखं होईलच अशी गॅरंटी कोणी देणार नाही. फार त्रास नसेल तर नख अगदी आखूड ठेवा, चिरेच्या कडा बारीक फाईलने गोल करा आणि कामाच्या वेळी वरून टेप, एवढ्यावरही पुष्कळांचं निभतं.

बाकी वाचकांसाठी, बोट नुकतंच चेमटलं असेल, नखाखाली रक्त साठून ठणका मारत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, नखाला बारीक भोक पाडून रक्त सोडलं की लगेच आराम पडतो. घरी सुई तापवून हे प्रयोग नकोत, आणि लोंबणारं नख ओढून तर अजिबात काढू नका.

प्रश्न : नखांचे पापुद्रे सुटतात, पांढरे ठिपकेही आहेत. कॅल्शियम कमी असेल का? बायोटिन घेऊ?

उत्तर : ठिपके बहुतेक वेळा बारीकसारीक मारामुळे येतात आणि नखाबरोबर पुढे सरकून निघून जातात, कॅल्शियमचा काही संबंध नाही. नख केराटिन नावाच्या प्रोटीनचं असतं. पापुद्रे सुटतात ते सारखं भिजून-वाळून, रिमूव्हरने, नाहीतर जेल पॉलिश खरवडून काढल्याने. भांडी घासताना आत कापडी अस्तर असलेले ग्लोव्ह्ज घाला, हात पुसल्यावर नखांनाही क्रीम चोळा. बायोटिनचा, म्हणजे त्या बी गटातल्या व्हिटॅमिनचा, भरवसा मला फारसा नाही, आणि घेत असाल तर थायरॉइड वगैरे टेस्टच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा, रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. नखं चमच्यासारखी खोलगट होत असतील तर मात्र हिमोग्लोबिन आणि आयर्न तपासा.

प्रश्न : एकाच बोटाच्या नखात उभी काळी रेघ आलीय, मार लागल्याचं आठवत नाही.

उत्तर : सावळ्या लोकांत बऱ्याच नखांवर अशा फिकट रेघा असतात, त्याचं काही नाही. पण एकाच नखात, नव्याने आलेली, रुंद होत चाललेली किंवा बुडाच्या कातडीतही काळेपणा उतरलेला असेल तर या अंकाचीही वाट बघायला नको होती, क्वचित का होईना तो कॅन्सर असू शकतो. याच आठवड्यात स्किन स्पेशालिस्टला दाखवा, आणि जाताना सगळ्या बोटांचं नेलपॉलिश काढून जा.