क्लासवरून आल्यावर रिकामा होणारा डबा

प्रश्न : मुलगी नववीत आहे. क्लासवरून साडेआठला येते आणि बूट काढायच्या आत फरसाणाचा डबा उघडते. वजन वाढतंय. ही भूक की ताण? (एक आई, परळ)

उत्तर : आधी घड्याळ बघा. शाळेतला डबा बारा वाजता संपला आणि नंतर पोटात काहीच गेलं नसेल, तर ही साधी भूक आहे. क्लासला निघण्यापूर्वी वाटीभर मुगाची उसळ आणि एक पोळी द्या. तरीही डबा उघडतोच, तर मनाकडे बघा. पोटाची भूक हळूहळू लागते, तिला पोळीभाजीही चालते. मनाची भूक एकदम उसळते आणि तिला शेवच हवी असते.

फरसाण वाटीत काढून, बसून, मोबाईल लांब ठेवून खाऊ द्या. पहिले तीन घास सावकाश : वास घ्यायचा, तिखट-मीठ जिभेवर कळू द्यायचं, शेवेचा कुरकुरीतपणा जाईपर्यंत चावायचं. मग भूक दहापैकी किती उरली, ते तिनेच ठरवायचं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला सुमारे 20 मिनिटं लागतात; उभ्याउभ्या खाल्लं की त्याआधीच डबा संपतो. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत सुरू केलेल्या, सजगतेने ताण कमी करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात हेच एका बेदाण्यावर शिकवतात.

सराव रविवारी, ती निवांत असताना करा. पेपर वाईट गेलेल्या दिवशी ‘खरंच भूक आहे का?’ असं विचारत समोर उभं राहिलात, तर ती चोरून खायला लागेल. बहुतेक घरांत इथेच बिनसतं.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा आहे. वजन किती हवं? कीटो करू दे का? (मुलुंड)

उत्तर : कीटो, म्हणजे पोळी-भात जवळजवळ बंद करून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार, मनाने सुरू करू नका. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ताही त्याला लागू नाही. बालरोगतज्ज्ञ वयानुसार वाढीचा तक्ता बघतात. उंची वाढत असेल तर पुष्कळदा वजन आहे तिथे थोपवलं तरी पुरतं. झोप मात्र 8 ते 10 तास हवीच. जागरणाने भूक चाळवते.

प्रश्न : मी 16 वर्षांची. घरात ‘जाडी’ म्हणतात. रात्री खूप खाते, मग उलटी काढते. (दहिसर)

उत्तर : तुझी यात काही चूक नाही, आणि सावकाश खाण्याने हे थांबणारं नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. चक्कर किंवा धडधड असेल तर आजच. आईला तोंडाने सांगवत नसेल तर हाच प्रश्न तिला वाचायला दे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. तोवर उलटीनंतर लगेच दात घासू नकोस, नुसत्या पाण्याने चूळ भर. आम्लाने मऊ पडलेलं दातांवरचं आवरण ब्रशने झिजतं.