ठाण्याच्या डोंगरांत सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचे जीवाश्म मिळतील का? थरांना प्राण्यांची नावं का देतात? (मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी)

नाही मिळणार. येऊर घ्या नाहीतर पारसिक, सगळा बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तुम्ही विचारताय ते प्राणी 25 कोटी वर्षांपूर्वीचे.

प्रोजेक्टचं वाचलं म्हणून लिहायला बसले. माझ्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लिस्ट्रोसॉरस मांडला होता, सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांच्या नात्यातला एक प्राणी. गणपतीतल्या उरलेल्या शाडूचा, वीतभर लांब, कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. मागे दक्षिण आफ्रिकेतल्या कारू खोऱ्यातल्या खडकांच्या थरांचा तक्ता, प्रत्येक थराला (झोनला) तिथल्या प्राण्याचं नाव: खाली डॅप्टोसेफॅलस झोन, मध्ये लिस्ट्रोसॉरस, वर सायनोग्नॅथस. परीक्षक म्हणाले, "डायनासोर छान झालाय." ती म्हणाली, "सर, हा डायनासोर नाही, आपल्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या बाजूचा आहे." त्यांनी शेरा लिहिला, 'माहिती चुकीची', आणि गेले पुढच्या टेबलाकडे. पोरगी घरी येईपर्यंत रडत होती.

माहिती शंभर टक्के बरोबर होती. लिस्ट्रोसॉरसच्या कवटीत डोळ्यामागे दोन्ही बाजूंना एकेकच भोक असतं, डायनासोरला दोन-दोन. जेवताना कानशिलावर बोट ठेवा. हलतो तो जबड्याचा स्नायू आपल्यात त्याच भोकाच्या जागी बसतो. शिवाय पहिले डायनासोर आले तेच 23-24 कोटी वर्षांपूर्वी. परीक्षकाला एवढं माहीत नसेल तर त्याने गुण देऊ नयेत.

थरांचं म्हणाल तर खडक वरखाली सारखेच दिसतात, प्राणी मात्र बदलतात. म्हणून थर त्यांच्यावरून ओळखायचा. हाच लिस्ट्रोसॉरस पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या 'पंचेत' नावाच्या खडकांत आणि अंटार्क्टिकातही सापडलाय, कारण तेव्हा हे सगळे भूभाग जोडलेले होते.

अर्थात लिस्ट्रोसॉरस आपला थेट पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. आपली ओळ सायनोडॉन्टांची, म्हणजे ज्यांच्यातून सस्तन प्राणी आले त्यांची. लिस्ट्रोसॉरस स्वतःच्या झोनच्या खालीही सापडतो, म्हणून झोन एकट्या प्राण्यावरून नाही, सोबतच्या सगळ्यांवरून ठरतो. आणि लाव्हाच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म असतात; वरळीला बेडकांचे सापडलेत.

मुलाला मॉडेलशेजारी दोन्ही कवट्यांची चित्रं लावायला सांगा. परीक्षक डायनासोर म्हणाले तर भोकं मोजायला लावा. तरीही गुण कापले तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. आम्ही दिलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही.