यादीतलं नाव बदलू नकोस

पोरी,

निवडणुकीच्या सर्व्हेत तुझं नाव ओळखपत्रावर 'सर्वेक्षक', गावात 'सर्व्हेवाली', आणि टीव्हीवर कोट घालून आकडे सांगणारा तेवढा 'पोलस्टर'. मग मी कोण, असं विचारतेस. काहीही म्हणवून घे. तो सांगतो ते आकडे तुझ्याच फॉर्मांतून निघतात. मला काळजी आहे ती तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची: कुलूप दिसलं तर शेजारचं घर घेतलं, काय बिघडलं?

बिघडतं, बाई. यादीतलं नाव बदलायचं नाही.

बूथच्या मतदार यादीत समज १००० नावं आहेत, तुला २० हवीत. म्हणजे अंतर ५०. १ ते ५० मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढायचा. १७ निघाला तर १७, ६७, ११७ असं पुढे. तो क्रमांक ज्याचा, तोच माणूस. भरदुपारी भेटतात ती म्हातारी माणसं आणि घरकाम करणाऱ्या बायका. शेतावर, कंपनीत गेलेले निसटतात. म्हणून सातनंतर परत जा, रविवारी जा. तरी नाही भेटला तर कारण लिहून फॉर्म कोराच दे. कोऱ्या फॉर्मांचा हिशेब लावता येतो, शेजाऱ्याकडून भरलेला पकडताच येत नाही.

नमुना मोठा घेतला की भागतं, असं कुणी सांगेल. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने लोकांचा कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, त्यावरून लँडन हा उमेदवार जिंकणार म्हणून छापलं. त्याच्याविरुद्धचे रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारवाल्यांचे, म्हणजे पैसेवाल्यांचे, तेही मंदीत! नीट निवडलेले १००० जण असले तर चूक साधारण तीन टक्के इकडेतिकडे. ४००० केलेस तर दीड. चौपट पायपीट करून चूक निम्मी, आणि नावं बदललीस तर हे गणितच लागू नाही.

मत कुणाला, हे तोंडी विचारू नकोस. सासू-दीर समोर असताना सून काय सांगणार? डमी मतपत्रिका दे, तिची तिला खूण करू दे, घडी घालून डब्यात टाकू दे. तू पाठ फिरव. 'माहीत नाही' आणि 'सांगणार नाही' यांचे कोड वेगळे, ते एकत्र करू नकोस.

सुपरवायझर टार्गेटसाठी ओरडेल. ओरडू दे. मलाही हट्टी म्हणतात. फॉर्म दोन दिवस उशिरा गेले म्हणून कुणाचं काय अडलं? नाव मात्र बदलायचं नाही.

आणि फॉर्मवरचा भेटीच्या वेळेचा रकाना तू मोकळा सोडतेस. उद्यापासून प्रत्येक फेरीची तारीख आणि वेळ त्यात पाहिजे.