थंडीतील सायकलप्रवास आणि 14,600 रुपयांचे कपडे

तुमचे पत्र मिळाले. नाशिकमधल्या पंचवटीतून सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला तुम्ही जूनपासून सायकलने जाता, आता पहाटेची थंडी सोसवत नाही, म्हणून खास सायकलस्वारांसाठीचे जॅकेट, थर्मल, पँट आणि हातमोजे असा 14,600 रुपयांचा संच क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांनी घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. घरच्यांना ही उधळपट्टी वाटते, हेही तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते गरज खरी आहे, पण रक्कम आणि मार्ग दोन्ही चुकीचे आहेत.

आधी गरजेचे पाहू. जाऊन-येऊन 20 किलोमीटर, मोटारसायकल लिटरला 45 किलोमीटर आणि पेट्रोल 104 रुपये धरले, तर 25 दिवसांच्या महिन्याला साधारण 1,155 रुपये वाचतात. थंडीमुळे तीन महिने पुन्हा मोटारसायकल काढली, तर जवळपास साडेतीन हजार रुपये जातील. तेव्हा कपड्यांवर खर्च करणे रास्त आहे, मात्र साडेतीन हजार हीच त्याची मर्यादा माना. हे कपडे पुढचे दोन-तीन हिवाळेही टिकतील, तो लाभ वेगळा.

आता हप्त्यांविषयी. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले होते. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देतो म्हणून ते दिसत नाही, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही तुमच्याच माथी येते. मला अधिक काळजी वाटते ती पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलेल्या, कार्डावरच्या 9,000 रुपयांच्या थकबाकीची. महिना साडेतीन टक्के दराने, आणि कार्डांचे दर साधारण याच घरात असतात, त्यावर 315 रुपये व्याज होते. म्हणजे पेट्रोलच्या बचतीतला चौथा हिस्सा तिथेच संपतो. शिवाय मागचे बिल पूर्ण फेडले नसेल, तर नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून त्या कार्डावर सध्या काहीही घेऊ नका आणि पेट्रोलचे वाचलेले पैसे दरमहा थकबाकीत भरा.

मग थंडीचे काय? तापमान 10 अंश असताना ताशी 20 किलोमीटर वेगाने सायकल चालवली, की वाऱ्यामुळे अंगाला ते सात अंशांसारखे जाणवते, त्यामुळे जाड कपड्यापेक्षा वारा अडवणारा कपडा महत्त्वाचा. अंगालगत सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवते आणि चढ संपल्यावर तेच अंग गारठवते. घाम लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर शरणपूर रोडच्या तिबेटी बाजारातला पातळ स्वेटर आणि सर्वांत वर साधी विंडचीटर पुरेशी आहे. विंडचीटर थोडी मोकळी घ्या, गळ्यापर्यंत चेन असलेली आणि मनगटाशी इलॅस्टिक असलेली. हँडल धरून पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही ना, हे दुकानातच वाकून पाहा. घाटाच्या उतारावर नामांकित शर्यतपटूही जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवत आले आहेत, तेव्हा खरेदी होईपर्यंत तुम्हीही तसे करण्यात कमीपणा नाही.

हातमोज्यांवर मात्र काटकसर नको, कारण बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे, हेही महागड्या जॅकेटचा मोह आवरायला पुरेसे कारण आहे.

जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि तुम्ही सव्वासहाला निघता. त्यामुळे साडेतीन हजारांतून सर्वांत आधी मागचा लाल दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा घ्या, नंतर हातमोजे, आणि मग विंडचीटर.