कार्बनचं हूड आणि पावसाळ्याची एफडी

तारकर्लीहून एका वाचकाचं पत्र आलंय. पर्यटकांना फिरवायला त्यांच्याकडे दोन जेटस्की (पाण्यावरच्या स्कूटर) आहेत. मार्चमध्ये ट्रॉलीवर चढवताना एकीचं हूड, म्हणजे पुढचं झाकण, आपटलं आणि बिजागरीपासून हातभर तडा गेला. गावात होड्यांचं फायबरकाम करणारा कारागीर ९,००० रुपयांत ते सांधून द्यायला तयार आहे. पुण्यातलं एक वर्कशॉप रेसिंग गाड्यांचे भाग बनवतं, ते मात्र म्हणतंय की कार्बन फायबरचं नवंच हूड करून देतो. साचा ८०,०००, हूड १,०५,०००, वर १८ टक्के जीएसटी. १५,००० ॲडव्हान्स देऊन झालाय. ‘वजन कमी होईल, फोटोत उठून दिसेल आणि एकदा साचा झाला की मालवणातल्या बाकीच्यांना हूड विकून पैसे वसूल होतील,’ असं ते लिहितात. प्रश्न एकच आहे: त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडायची का?

नका मोडू.

तुम्ही पत्रात आकडे मोकळेपणाने दिलेत, म्हणून तेच मांडतो. डिझेल-पेट्रोल आणि पोरांचे पगार जाऊन हंगामात महिन्याला ६०,००० हातात राहतात. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरले तर ४,८०,०००. घरखर्च महिना २८,०००, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. इंजिनांचं सर्व्हिसिंग, विमा आणि परवान्याचं नूतनीकरण मिळून ७०,०००. उरले ७४,०००. हूडची किंमत जीएसटी धरून २,१८,३०० होते. जवळजवळ तीन वर्षांची बचत एका झाकणात.

तरी वर्षाच्या हिशोबाने तुमचं खरं दुखणं दिसत नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असते. सप्टेंबरात परवानगी मिळाली तरी समुद्र आणि गिऱ्हाईक दोन्ही बेभरवशाचे, म्हणून धंदा खरा ऑक्टोबरात उभा राहतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे जून ते सप्टेंबर घरखर्चाचे १,१२,००० आणि हंगामाआधीच्या तयारीचे ७०,०००, असे १,८२,००० एक रुपयाही आत न येता बाहेर जाणार. ते याच एफडीतून जाणार, कारण मेअखेरीस तुमच्याकडे दुसरं काही नाही. त्यातून हूडचे ॲडव्हान्स वजा जाता राहिलेले २,०३,३०० दिलेत तर ९६,७०० उरतात. गणपतीच्या तोंडावर पंच्याऐंशी हजार रुपये कमी पडतील आणि मग घरातलं सोनं सराफाकडे किंवा बँकेत जाईल. तुम्ही जिला बचत म्हणता ती तुमच्या चार महिन्यांच्या पगाराची रक्कम आहे, फक्त बँकेने तिच्यावर एफडीची पावती चिकटवलीय.

एफडी न मोडता तिच्यावर कर्ज काढावं, असं कोणी सुचवेल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त पडतं, म्हणून एरवी मीही तो मार्ग सांगतो. पण ते कर्ज फिटणार त्याच ७४,०००तून.

आता साच्याबद्दल, कारण या व्यवहारात मला सगळ्यात जास्त तोच खटकला. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये कार्बनचं कापड आणि रेझिन (ते कापड घट्ट करणारा राळेसारखा द्रव) मिळून २२,००० लावलेत. बाकी सगळं हातकाम आणि साचा. जुन्या हूडवरून पॅटर्न, म्हणजे नमुना, घ्यायचा, तो घासून आरशासारखा करायचा, त्यावर साचा उतरवायचा आणि मग त्यात कापडाचे थर देऊन व्हॅक्यूमखाली रेझिन ओढून घ्यायचं. म्हणजे तुम्ही कार्बनला पैसे देताय असं वाटतं, पण देताय एका नगासाठी केलेल्या साच्याला. अशा कामात पहिला नग नेहमीच अंगावर येतो. त्याच साच्यातून चार-पाच नग निघाले तरच गणित जमतं.

ते निघतील का? वर्कशॉप यापुढचं प्रत्येक हूड तुम्हाला ७५,०००ला देणार आणि तुम्ही ९५,०००ला विकणार, असं तुम्ही धरलंय. नगामागे २०,०००. नुसता साचा फिटायला चार गिऱ्हाइकं लागतील, आणि ती कुठलीही चालणार नाहीत. किनाऱ्यावर आपण सगळ्यांनाच जेटस्की म्हणतो (खरं तर ते कावासाकीचं नाव, तुमची यंत्रं यामाहाची), पण एका मॉडेलचं हूड दुसऱ्याला बसत नाही. तुमच्या मॉडेलची यंत्रं देवबाग, तारकर्ली आणि चिवला मिळून किती आहेत ते एकदा मोजा. त्यातल्या किती जणांचं हूड फुटलंय? आणि ज्याचं फुटलंय तो ९,०००चं सांधकाम सोडून ९५,००० का मोजेल? वर्कशॉपला हा प्रश्न पडायचं कारण नाही, त्यांचे ८०,००० आधीच वसूल झालेले असतील. शिवाय साचा कोणाच्या मालकीचा हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. कंपनीच्या मूळ भागावरून नकला काढून विकायच्या म्हटल्या तर डिझाइनच्या हक्कांचा प्रश्न येतो, तो वेगळाच.

वजनाचं म्हणाल तर तीन माणसांचं यंत्र बहुतेक ३०० किलोच्या आसपास असतं. वर चालवणारा पोरगा आणि दोन पर्यटक म्हणजे आणखी दोनेकशे किलो. कार्बनमुळे वाचतील ते चार-पाच किलो, म्हणजे शंभरातला एक. पर्यटक फेरीचे पैसे देतो, वेगाचे नाही. एकट्याने उभं राहून चालवायच्या हलक्या स्कीवर शर्यती खेळणारा कोणी असता तर मी वेगळं बोललो असतो. त्याच्यासाठी ते चार किलो जिव्हाळ्याचे असतात, आणि तो पैसे कमवायला पाण्यात उतरत नाही.

खाऱ्या पाण्याचा खर्च तर कोटेशनमध्ये नसतोच. कार्बन वीज वाहतो. खाऱ्या ओलाव्यात तो ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला थेट टेकला की ब्रॅकेट पांढरी पावडर धरून खात जातं. मध्ये काचेच्या कापडाचा थर दिला आणि बोल्ट कार्बनला टेकू दिले नाहीत तर हे टळतं, पण ते मागून घ्यावं लागतं. उन्हाने रेझिन पिवळं पडतं, त्यावर चांगला क्लिअर कोट लागतो आणि तो काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. ट्रॉलीवर पुन्हा आपटलं तर काचेचं फायबर थोडं लवतं, कार्बन कडकन तडकतो. मग दुरुस्तीला परत पुणे. आणि नवं हूड गॅस्केटवर (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीवर) दोन मिलिमीटर जरी वाकडं बसलं तरी पाणी आत येणार. ते इंजिनपर्यंत पोचलं तर होणाऱ्या खर्चापुढे हे हूड स्वस्त वाटेल. असा बदल विमा कंपनीला लेखी कळवावा लागतो हेही ध्यानात ठेवा, नाहीतर दाव्याच्या वेळी सर्व्हेयर नेमकं तिथेच बोट ठेवेल.

फोटोचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. हनिमूनला आलेलं जोडपं रीलमध्ये जे बघून येतं त्यावर तुमच्या फेऱ्या ठरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण त्याला कार्बन लागत नाही. गावातल्या कारागिराकडून हूड आतून काचेच्या मॅटचे दोन थर देऊन सांधून घ्या, वरून जेलकोटचा गुळगुळीत थर, आणि त्यावर कार्बनच्या विणीचं विनाइल चिकटवा. गाड्यांना स्टिकर लावणारा कोणीही चार-पाच हजारांत ते करेल. मोबाइलच्या कॅमेऱ्याला फरक कळणार नाही. तुमच्या शेजारच्या धंदेवाल्याला कळेल, पण तो तिकीट काढत नाही.

पुढे कधी हे हूड सांधण्यापलीकडे गेलं, तर आधी गोव्यातल्या धंदेवाल्यांकडे चौकशी करा. इंजिन निकामी झालेल्या यंत्राचं मूळ हूड मिळालं तर साच्याची भानगडच नको. तेवढ्यासाठी यंदाच्या ऑक्टोबरपासून हंगामाचे आठ महिने ५,०००ची आरडी टाका. दोन हंगामांत ८०,००० जमतील. ती यंत्रांच्या नावाने वेगळी ठेवा आणि एफडीत मिसळू नका.

राहिले ॲडव्हान्सचे १५,०००. ‘दिलेत तर आता काम करूनच घेऊ’ या भरीला पडू नका. तुमचं हूड अजून तारकर्लीतच आहे, म्हणजे पॅटर्नचं काम सुरू झालेलं नाही. आजच फोन करा आणि लगोलग व्हॉट्सॲपवर लेखी कळवा की काम थांबवा, पैसे परत करा. कापड मागवलंय म्हणाले तर बिल मागा आणि तेवढेच कापू द्या. अगदीच अडून बसले तर १५,००० गेले असं धरून २,०३,३०० वाचवा.