उकडीची मगर

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि मुलगा दहा महिन्यांचा. मोबाइलवर मुलांचे खेळ बघते : रंगवलेले तांदूळ, मैद्याचे रंगीत गोळे, पाण्यात फुगणारे मणी. मुलगी अशा खेळात रमते, पण दोघंही हाताला लागेल ते तोंडात घालतात. सासूबाई म्हणतात, अन्न हे पूर्णब्रह्म, त्याच्याशी खेळू नये. मला त्यांचंही पटतं आणि मुलीचा हातही धरवत नाही. काय करू?
— एक आई, मांजलपूर, वडोदरा

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. किलोभर तांदूळ रंगवायचे, जमिनीवर उधळायचे आणि केरसुणीने गोळा करून टाकून द्यायचे, हे आपल्या घरात कुणालाच बरं वाटणार नाही. पण अडीच वर्षांच्या मुलीला मऊ, चिकट, ओलं, कोमट म्हणजे काय ते हातानेच कळतं. तो हात अडवायचा नाही. मी एकच नियम सांगते : खेळायला जे द्याल ते शिजलेलं असावं आणि खेळ संपला की ताटात यावं. मग अन्न वायाही जात नाही आणि तोंडात गेलं तरी जीव घाबरा होत नाही.

यासाठी आपल्याकडे तांदळाची उकड आहे. मोदकांसाठी काढता तशीच. वाटीभर पाण्यात चमचाभर तूप, चवीला मीठ, उकळी आली की वाटीभर तांदळाची पिठी, झाकण ठेवून एक वाफ. तळहाताला तुपाचा हात लावून कोमट असतानाच मळा आणि पुरती निवल्यावर मुलीच्या हाती द्या. रंग हवेत ना? थोड्या पाण्याऐवजी बिटाचा रस घातला की गुलाबी, पालक उकडून वाटून गाळलेल्या पाण्याने हिरवी, चिमूटभर हळदीने पिवळी. पिवळ्या गोळीवर चिमूटभर खाण्याचा सोडा चोळा, तांबूस होईल. त्यावर लिंबू पिळा, बारीक फेस येऊन परत पिवळी. अडीच वर्षांच्या मुलीला हे दहादा करून दाखवावं लागतं, दाखवा. ही सोड्याची गोळी मात्र फक्त बघण्यापुरती, एवढीशीच करा.

मुलगी काय करते ते तिच्यावर सोडा. आपल्या वडोदऱ्यातल्या मुलांना विश्वामित्री नदीतल्या मगरी माहीत असतात, पावसाळ्यात त्या सोसायटीत शिरल्याच्या गोष्टी ती घरात ऐकतात. माझ्या बालवाडीत हिरवी उकड आली की मगर व्हायचीच. कुणाची लांबट, कुणाची नुसती चपटी भाकरी, पण तिला शेपूट असायची आणि ती कुणाला तरी चावायला निघालेली असायची. बाजूला दुसऱ्या कुणाची कमाटीबागेतली झुकझुक गाडी. अशा वेळी ‘हे काय केलंस?’ असं विचारू नका. मूल उत्तर शोधायला लागतं आणि खेळ तिथेच थांबतो. जवळ बसा, आपल्या हातात एक गोळी घ्या, गप्प मळत राहा. थोड्या वेळाने ती आपणहून सांगेल की मगरीला भूक लागली आहे. मग मगरीला काय वाढायचं ते तुम्ही तिला विचारा. भातुकली म्हणजे हेच, फक्त खाऊ खरा.

खेळून झालं की मगरीला जिरं-मीठ लावून चपटी करा, चाळणीवर वाफवा. मोदकांच्या उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करतो, त्याच या. वरून तूप. सासूबाईंनाच वाफवायला सांगा. नातीने केलेली पहिली निवगरी त्यांच्या ताटात पडली की पुढचं बोलणं तुम्हाला करावं लागणार नाही. उकड त्याच दिवशी संपवायची, उन्हाळ्यात तर तासा-दोन तासांत. आणि चिकट असते म्हणून मुलगी खाईल तो तुकडा हरभऱ्याएवढाच, तुमच्या डोळ्यांसमोर, बसून.

आता जे देऊ नये ते. कच्ची कणीक किंवा मैदा तोंडात जाऊ देऊ नका, न शिजवलेल्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. मैदा, मीठ आणि पाणी मळून गोळे करतात त्यात मैद्याच्या निम्मं मीठ असतं. लहानग्याने त्यातला मोठा तुकडा गिळला तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. सगळ्यात वाईट ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी. कोरडे असताना मोहरीएवढे दिसतात, पण गिळले तर आतड्यात फुगून वाट बंद करू शकतात, आणि एक्स-रेमध्ये सहज दिसतही नाहीत. घरात दहा महिन्यांचं बाळ असताना ते फुलदाणीतसुद्धा नकोत. त्याऐवजी सब्जा भिजवा. वीस मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक कोष तयार होतो, मुलगी बोटाने तो फिरवत बसेल. पूर्ण फुगलेलाच द्या, कोरडा सब्जा मुलांच्या तोंडात जाता कामा नये.

दहा महिन्यांच्या चिरंजीवांना उकड नको. त्यांना घट्ट दही, बिटाच्या रसाचे दोन थेंब टाकलेलं, स्वच्छ पुसलेल्या ताटात. हाताने थापतील, फासतील, चाटतील, अंग माखेल. आंघोळीच्या आधी हे करा म्हणजे वैताग नाही. साखर-मीठ नको आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, त्यातून बाळांना होणारी विषबाधा गंभीर असते. बिटानंतर लंगोट लालसर दिसला तर घाबरू नका.

हिवाळ्यात खंडेराव मार्केटातून लीली तुवेर, म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगा, आणि ओली हळद आणता ना, तेव्हा शेंगा सोलायला मुलीला शेजारी बसवा. शेंग उघडली की आत दाणे ओळीने निजलेले असतात, तिथे तिला घाई करू नका. दाणे मात्र शिजवून, चेचूनच तिच्या तोंडात. ओल्या हळदीने बोटं पिवळी झाली तर होऊ द्या.

या सगळ्यासाठी काही विकत आणायची गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डी या गावी गेल्या, तेव्हा तिथल्या मुलांसाठी त्यांनी शिंपले, दगड, बिया, पानं हेच साहित्य मानलं. महागड्या मॉन्टेसरी साधनांची वाट बघत त्या बसल्या नाहीत. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी ज्या बालशिक्षणाचं काम केलं, ते या गुजरातच्या मातीतलंच आहे. त्यामुळे रंगीत खोक्यात मिळणारा खेळ आणला नाही म्हणून आपण मुलांना काही कमी देतो, असं मनात आणू नका.

प्रश्न : चार वर्षांचा नातू मोबाइल समोर असल्याशिवाय जेवत नाही. अशा खेळांनी खायला लागेल का?
— आजी, कारेलीबाग

लागेलच असं सांगून तुम्हाला आशेला लावणार नाही. हाताने ओळख झालेली भाजी मुलाला कमी परकी वाटते, इतकंच. पण ‘खेळलास ना, आता खा’ म्हटलंत की तो खेळालाही घाबरेल. कोथिंबीर निवडू द्या, पोळीला शेवटचं लाटणं त्याला फिरवू द्या, केळं चमच्याने कुस्करू द्या, आणि खाण्याबद्दल त्या वेळी एक अक्षर बोलू नका. नवीन पदार्थ कितीतरी वेळा ताटात यावा लागतो, तेव्हा कुठे मूल चाखतं. मोबाइल मात्र सगळ्यांचाच जेवताना दूर ठेवा, आजोबांचासुद्धा.

प्रश्न : आमच्या बालवाडीत वीस मुलं आहेत. एकदम सगळ्यांना उकड कशी देऊ?
— एक ताई, रावपुरा

एकदम नकोच. पाच-पाच जणांना बसवा, बाकीची अंगणात. शेंगदाणे, दूध, गहू यांचं कुणाला वावडं आहे का ते पालकांकडून लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा. शेंगदाणे, फुटाणे, चणे आख्खे कुणाच्याच हातात नकोत, श्वासनलिकेत अडकतात. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. प्रत्येकाची उकड वेगळ्या वाटीत, म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात जात नाही, आणि वाफवायला घेताना कुणाची कोणती ते मुलं स्वतः ओळखतात.