खाटेएवढं अंतर

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

नेमणुकीचं कळलं, बरं वाटलं. साथीच्या दिवसांत लोकांना काय सांगायचं ते आता तू लिहिणार. धुळे-नंदुरबारात आरोग्य खात्यात जन्म काढला, म्हणून चार गोष्टी.

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरात सापडला. चिकन-अंडी ७० अंशांवर शिजवून खा, असं सांगत आम्ही फिरत होतो. एका म्हातारीने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि विचारलं, "हे किती झालं?" मी गप्प. पुढच्या घरापासून "रस्सा खदखदू द्या, मांस आत गुलाबी दिसलं तर अजून ठेवा" असं सांगू लागलो. आकडा खराच होता, पण चुलीवर तो दिसत नाही ना!

कोरोनात सहा फुटांचंही तेच. "दोघींच्या मधे खाट मावली पाहिजे" म्हटलं, की नळावरच्या बाया आपणहून सरकायच्या.

मास्कच्या बाबतीत मात्र आम्ही माती खाल्ली. मार्च २०२० मध्ये सांगितलं, धडधाकट माणसाला गरज नाही. एप्रिल लागताच सांगितलं, घरचं कापड तरी बांधा. साक्री तालुक्यात रेशनच्या रांगेत एका बाबाने उपरणं हातात धरून मला अडवलं : "काल नको म्हनेत, आज बांधा म्हनतस. खरं काय शे?" उत्तर होतं की. आधी मास्कचा तुटवडा होता, ते दवाखान्यात हवे होते. आणि लक्षणं नसलेल्याकडूनही लागण होते हे पुढे कळत गेलं. पण आमच्या पत्रकात नुसता नवा हुकूम. बाबाने उपरणं परत खांद्यावर टाकलं. सल्ला बदलला की तू तारीख घालून लिही : काल हे सांगितलं, आज हे, कारण हे. गोंधळ होईल म्हणून वरचे ते वाक्य खोडतील. भांड त्यांच्याशी.

भीतीचा डोस जपून. कोरोनात फोन लावला की सूचनेच्या आधी खोकला ऐकू यायचा; महिन्याभरात लोक तेवढा वेळ फोन कानापासून लांब धरायला शिकले. पण रुग्ण सापडलेल्या एका घराला पत्रे ठोकलेले दिसले, की शेजारच्या गल्लीतला ताप नाहीसा व्हायचा. आशाताईने विचारलं तर "काही नाही, उन्हाचं आहे."

आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे मराठी पत्रकांची पुडकी धाडू नकोस, ग्रामपंचायतीत तशीच पडून राहतात. भिली, पावरी बोलणारं माणूस पाठव.

पहिला मजकूर झाला की मला दाखव, पण छापायच्या आधी एखाद्या आशाताईला वाचून दाखव. ती जिथे अडेल तिथे खूण कर.

तुझा,
काका